दिवाणखान्यासाठी शिडाचा मचवा घडवताना

बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या लाकडी जहाजांवर बहुधा चौकोनी शिडे असतात. ती सुबक दिसली तरी आपल्या किनाऱ्यावरच्या गलबतांशी त्यांचे काही नाते नसते. कोकणातल्या घरात ठेवायची प्रतिकृती शिडाच्या मचव्याचीच, म्हणजे तिरक्या, जवळजवळ तिकोनी शिडाच्या किनारी होडीचीच असावी, असे मला मनापासून वाटते.

प्रथम मोजमाप ठरवावे. १:३० हे प्रमाण घेतल्यास १२ मीटरचा मचवा ४० सेंटीमीटरचा होतो आणि भिंतीतल्या फळीवर सहज मावतो. हर्णै किंवा मालवणच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या लाकडी होड्यांची ठेवण समोरून आणि बाजूने नीट पाहून घ्यावी.

होडीच्या अंगासाठी शिवण झाडाचे लाकूड उत्तम, कारण ते हलके असते, पटाशीखाली सहज येते आणि सुकल्यावर फारसे वाकत नाही. डोलकाठीसाठी सरळ रेषांचा साग घ्यावा. लाकूड मात्र पुरते सुकलेले हवे. ओल्या लाकडाची प्रतिकृती पुढच्या उन्हाळ्यात हमखास तडकते.

अखंड ठोकळा कोरण्यापेक्षा १ सेंटीमीटर जाडीच्या फळ्यांचे थर रचणे सोपे जाते. प्रत्येक थर त्या त्या उंचीवर होडीचा जो आकार असेल तसा कापावा, वरच्या थरांचा मधला भाग आधीच काढून टाकावा आणि पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने सारे थर चिकटवून रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवावेत. मग पायऱ्या तासून बाजू गोलसर करावी व पुठ्ठ्याचे साचे लावून डावी-उजवी बाजू जुळवावी. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, पुढे लांब झेपावणारी ठेवावी. पॉलिश पेपर फिरवल्यावर एका बाजूने दिवा धरला, की हाताला न लागलेले उंचवटे सावलीतून स्पष्ट दिसतात. खिळे पितळेचेच वापरावेत, कारण खाऱ्या हवेत लोखंड गंजते आणि लाकडावर काळे डाग उमटतात.

खरे कसब शिडात आहे. डोलकाठी किंचित पुढे कललेली असावी. शीड बांधायची तिरकी काठी जवळजवळ होडीइतकी लांब ठेवावी. तिचे पुढचे टोक नाळेजवळ खाली आणि मागचे टोक डोलकाठीच्याही वर जाते. शिडाला पातळ मांजरपाट घ्यावा, तो चहाच्या पाण्यात बुडवून उजळपणा घालवावा आणि पुढचा कोपरा थोडा छाटावा. शिडात वारा भरल्याचा फुगवटा आणण्यासाठी कापड पातळ केलेल्या गोंदात भिजवून गोल भांड्यावर वाळवावे. तांदळाची खळ टाळावी, कारण पावसाळ्यात तिला बुरशी येते. दोऱ्यांवरून मेण फिरवावे, म्हणजे तंतू बसतात. मात्र सुती दोरा दमट हवेत आकसतो, म्हणून फार ताणून बांधू नये.

शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात. फ्रेंच पॉलिश करायचे असल्यास ते पावसाआधी उरकावे, कारण दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते.

प्रतिकृती ओल येणाऱ्या भिंतीपासून आणि थेट उन्हापासून दूर ठेवावी. धूळ मऊ कुंचल्याने झटकावी आणि पावसाळ्यात बुडाशी भुशाची बारीक पूड पडली आहे का, हे अधूनमधून पाहावे. तशी पूड दिसली तर लाकडाला कीड लागली असे समजून वेळीच उपाय करावा.