वाळवंटाच्या कडेला, चार किलोच्या कुत्र्यासोबत

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फीनिक्सला नव्याने आलेलं मराठी कुटुंब आमच्याकडे जेवायला आलं की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एक प्रश्न हमखास निघतो. "मुलं कुत्र्यासाठी मागे लागलीत. घराला मागे अंगण आहे, सहा फुटांची पक्की भिंत आहे. आता आणायला हरकत नाही ना?" हरकत काहीच नाही, जरूर आणा. फक्त त्या भिंतीच्या भरवशावर आणू नका.

आम्ही फीनिक्सच्या आवाटुकी भागात, साउथ माउंटनच्या पायथ्याशी राहतो. चौदा वर्षं झाली. हा डोंगर म्हणजे १६,००० एकरांहून मोठं उद्यान आहे, पण फीनिक्स शहराच्या हद्दीतच. त्याच्या पोटातून निघालेले कोरडे ओढे वस्त्यांच्या मधून जातात. इथे त्यांना 'वॉश' म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस त्यात थेंबभर पाणी नसतं, पण प्राण्यांचा तो हमरस्ता आहे. घर भाड्याने घेताना शाळा, ऑफिस, इंडियन ग्रोसरी हे सगळं आपण नकाशावर बघतो. कुत्रा असेल तर वॉश किती लांब आहे तेही बघा. आमच्या भिंतीपासून तो शंभर पावलांवर आहे, आणि हे आम्हाला चिंगी आल्यावर कळलं.

चिंगी चिवावा आणि आणखी कशाचं तरी मिश्रण. शेल्टरमधून, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणली तेव्हा वजन चार किलो. इथल्या शेल्टरमध्ये चिवावांची गर्दी असते, त्यामुळे लहान कुत्रा हवा असेल तर विकत घ्यायची मुळीच गरज नाही. ती येऊन नऊ दिवस झाले होते, फेब्रुवारीचा महिना, नुकतं उजाडत होतं. मी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी होते आणि ती लिंबाच्या झाडाखाली हुंगत होती. भिंतीवर खरवडल्यासारखा आवाज आला. आधी दोन पंजे दिसले, मग कान, आणि मागच्या पायांचा एक रेटा देऊन अख्खा कायोटी, म्हणजे इथला कोल्ह्यासारखा शिकारी प्राणी, भिंतीवर उभा राहिला. त्याला दोन क्षणही लागले नाहीत. तो चिंगीकडे बघत होता आणि ती अजून हुंगतच होती. कप टाकून मी धावले, तिला उचललं आणि जे तोंडात आलं ते मराठीत ओरडले. तो लगेच पळालासुद्धा नाही. माझ्याकडे बघून सावकाश वळला आणि पलीकडे उतरला. दारापासून झाडापर्यंत मोजून अकरा पावलं आहेत. मी आत फोडणीला उभी असते तर काय झालं असतं, हा विचार अजून सुटत नाही.

कायोटी आपल्या कोल्ह्याच्याच कुळातला, थोडा उंच, लांब पायांचा. सहा फुटांची भिंत त्याला अडवत नाही. जानेवारी ते मार्च हा त्यांचा जोड्या जमण्याचा काळ, आणि एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात. या दिवसांत ते कुत्र्यांच्या बाबतीत जास्त आक्रमक असतात, कारण दुसरा कुत्रा त्यांच्या हद्दीत आलाय असं त्यांना वाटतं. लहान कुत्र्याला बाकी वर्षभरही धोका असतोच, कारण त्यांच्या लेखी ससा आणि चिंगी यांत फार फरक नाही. यात त्यांचा दोष नाही. डोंगर त्यांचा होता, घरं आपण बांधली. माझं माहेर सिन्नरकडे. तिथे उसात बिबट्या असतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि माझी आई तिन्हीसांजेला वासरू गोठ्यात आणि कुत्रं ओसरीवर घेतल्याशिवाय दिवा लावत नसे. इथे आल्यावर तीच शिस्त आपण विसरतो, कारण दारात गाडी आणि गुळगुळीत रस्ता बघून आपल्याला हे शहर वाटतं.

म्हणून आमच्या घरी एकच नियम आहे आणि त्याला अपवाद नाही: चिंगी बाहेर गेली की कुणीतरी मोठं माणूस तिच्याबरोबर बाहेर. दारातून लक्ष ठेवणं चालत नाही, पाच पावलांच्या आत असायला हवं. अंधार असेल तर स्वतःच्या अंगणातसुद्धा लीश, म्हणजे हातात धरायचा पट्टा लावून. घराला कुत्र्यासाठी झडपेचं छोटं दार असेल तर ते रात्री बंद करून कडी लावा. लीश सहा फुटी साधी घ्या. दोरी आपोआप सुटत जाणारी लीश इथे वापरू नका, वीस फुटांवरचा कुत्रा तुमच्या हातात नसतो. कायोटी समोर आला तर आधी कुत्रा उचला. पळायचं नाही, पाठ करायची नाही. हात वर करून, मोठ्याने ओरडून, त्याच्या डोळ्यांत बघत मागे सरकायचं. आमच्या मागच्या दाराशी वाजवायला एक जुनी परात आणि उलथनं कायम टांगलेलं असतं. भिंतीच्या माथ्यावर बसवायचे फिरते रोलर मिळतात, त्यांवर पंजा टिकत नाही. भाड्याच्या घरात ते लावायला घरमालकाची आणि सोसायटीची परवानगी लागते, ती आधी घ्या. अंगात घालायचं काटेरी जॅकेटही मिळतं. चिंगी पहाटेच्या फेरीला ते घालते. पण जॅकेट घातलंय म्हणून तिला सोडून कधी दिलेलं नाही.

आता एक गोष्ट आपल्या माणसांना खास सांगायला हवी. ताटातला घास मुक्या जिवासाठी बाहेर ठेवायची आपली सवय चांगलीच आहे, मलाही ती होती. पण फीनिक्स ज्या जिल्ह्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीत पक्षी आणि झाडावरच्या खारी सोडून वन्य प्राण्यांना खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे. पक्ष्यांसाठी सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे साप आणि कायोटी. झाडाखाली पडलेली संत्री, लिंबं, खजूर रोजच्या रोज उचला. कुत्र्याची वाटी रात्री बाहेर ठेवू नका, पाण्याचीसुद्धा. उन्हाळ्यात इथे पाणीच सगळ्यांना ओढून आणतं.

भारतातून स्वतःचा कुत्रा आणणाऱ्यांसाठी थोडं. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत कुत्रा आणण्याचे नियम कडक झाले आहेत. रेबीजच्या दृष्टीने भारत जास्त जोखमीच्या देशांत मोडतो. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) आणि मग रेबीजची लस असा क्रम हवा, आणि लस भारतात दिलेली असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्त तपासून घ्यावं लागतं. पहिल्या लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं आणि त्यानंतर किमान २८ दिवसांनी प्रवास. उतरता येतं तेही ठरावीक विमानतळांवर, फीनिक्स त्यात नाही. म्हणजे तिकीट काढण्याच्या चार-पाच महिने आधी तयारी सुरू करा. पग, शिह त्झू असे चपट्या नाकाचे कुत्रे बऱ्याच विमान कंपन्या नेत नाहीत, हे आधी विचारा.

कुत्रा कुठूनही आणलेला असो, पहिले काही दिवस त्याला सगळं घर दाखवायच्या मागे लागू नका. एक खोली, त्याचं अंथरूण, आणि शेल्टरमध्ये खात होता तेच खाणं. नवीन खाणं आठवडाभरात थोडं थोडं मिसळत बदला. चिंगी पहिले तीन दिवस सोफ्याखालून बाहेर आली नाही. मुलगी शेजारी जमिनीवर बसून शाळेचा धडा मोठ्याने वाचायची, तेवढंच. चौथ्या दिवशी नाक बाहेर आलं. पाहुण्यांना पहिले दोन-तीन आठवडे बोलावू नका. आपल्याकडे कौतुक म्हणून जो तो उचलून घेतो, आणि घाबरलेला कुत्रा उघड्या दारातून सुटतो. सुटला की समोर वॉश आहे. रात्री कायोटींची कोल्हेकुई सुरू झाली की तो थरथरेल किंवा भुंकेल. त्याला रागावू नका, अंथरूण तुमच्या खाटेशेजारी आणा.

जुलैत मॉन्सून येतो. नावावरून आपल्या पावसाची आठवण काढू नका, हा धुळीच्या लोटांनी येतो आणि अर्ध्या तासात संपतो. पण त्या पहिल्या सरींबरोबर वर्षभर जमिनीत दडून बसलेला सोनोरन बेडूक वर येतो. तळहाताएवढा, हिरवट, गुळगुळीत, संथ. कुत्र्याला तो खेळणं वाटतो. दुसऱ्या वर्षी रात्री नऊ वाजता दिव्याखाली चिंगीने त्याला नुसतं तोंड लावलं. मिनिटभरात तोंडातून फेसाळ लाळ, हिरड्या लालभडक, आणि ती पंजाने तोंड ओरबाडू लागली. बेडकाच्या डोळ्यामागच्या ग्रंथींतलं विष जीवघेणं असतं. अशा वेळी कुत्र्याचं नाक खाली करून, पाण्याचा पाईप तोंडाच्या बाजूने लावून पाणी बाहेर वाहू द्यायचं, घशात जाऊ द्यायचं नाही. पाच ते दहा मिनिटं. मधे मधे ओल्या फडक्याने हिरड्या, जीभ पुसायची. नवऱ्याने पाईप धरला, मी फडकं फिरवत होते, मुलीने फोन लावला आणि तसेच इमर्जन्सीला गेलो. ती वाचली. हे आधी माहीत होतं म्हणून वाचली, आणि आम्हाला ते शेजारच्या आजींनी सांगितलं होतं, म्हणून मी तुम्हाला सांगतेय. मॉन्सूनमध्ये रात्री अंगणात आधी तुम्ही टॉर्च घेऊन फिरा, मग कुत्रा. टॉर्च अतिनील प्रकाशाची असेल तर विंचूही हिरवट चमकताना दिसतात.

रॅटलस्नेकच्या ॲरिझोनात १३ जाती आहेत. कोकणातल्या माणसाला फुरसं अंग घासून करकर आवाज करतं ते माहीत असतं. हा शेपटी वाजवतो, पण दर वेळी वाजवेलच असं नाही. दंश बहुधा तोंडाला किंवा पायाला होतो. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. चिरा देणं, बर्फ लावणं, आवळून बांधणं यांतलं काही करू नका. निघताना फोन करून प्रतिविष आहे ना हे विचारा, सगळ्या दवाखान्यांत ते नसतं. खर्च हजारो डॉलरमध्ये जातो, म्हणून कुत्र्याचा विमा पहिल्याच महिन्यात उतरवा. सापाचा वास आणि आवाज ओळखून लांब राहायला शिकवणारे प्रशिक्षक इथे आहेत, वसंत ऋतू लागण्याआधी तिथे एकदा जाऊन या.

हावेलीना म्हणजे रानडुकरासारखा दिसणारा, पण डुक्कर नसलेला प्राणी. कळपाने येतो, फड्या निवडुंग आवडीने खातो, डोळ्यांनी अधू असतो आणि कुत्र्याला कायोटी समजून अंगावर येतो. सुळे धारदार असतात. दिसला की, किंवा कुबट उग्र वास आला की, वळून दुसऱ्या रस्त्याने जा. बहिरी ससाण्यासारखे शिकारी पक्षी आणि मोठी घुबडं इथे भरपूर आहेत. दोन किलोच्या पिल्लाला उघड्यावर सोडायचं नाही हे त्यांच्यासाठीही.

न दिसणारा शत्रू म्हणजे व्हॅली फीव्हर. इथल्या मातीतल्या बुरशीचे कण धुळीबरोबर श्वासात जातात. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, पण खोकला, ताप, वजन उतरणं किंवा कारण नसताना लंगडणं दिसलं तर रक्त तपासा. औषध महिनोन्‌महिने चालतं. हा रोग कुत्र्याकडून माणसाला होत नाही, तेव्हा आजारी कुत्र्याला घराबाहेर ठेवू नका. पुढे दुसऱ्या राज्यात गेलात तरी तिथल्या व्हेटला हा ॲरिझोनात राहिलाय हे आवर्जून सांगा.

कण्हेर ओळखता ना? इथे कुंपणाला सर्रास लावतात. पान चघळलं तरी विषारी. चोया निवडुंगाचा गोळा पायात रुतला तर हाताने ओढू नका, मोठ्या दातांचा कंगवा घाला आणि उडवा. उन्हाळ्यात पंजे भाजतात. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर होता. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर फेरी नाही.

शेवटचं, जे सगळ्यांत जास्त राहून जातं. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या फटाक्यांना घाबरून ओळखीच्या एका कुटुंबाचा पॉमेरेनियन सुटला. सकाळीच तो कुणालातरी सापडला, चिपही वाचली गेली, पण चिपच्या नोंदीत पुण्याचा बंद झालेला नंबर होता. गाठ पडायला चार दिवस लागले. इथे आल्यावर पहिल्या वर्षात आपला फोन बदलतो, घर बदलतं. चिप बदलत नाही, तिची नोंद आपण बदलायची असते. लॅपटॉप उघडाच असेल तर आत्ताच बदला.