बीबीएचं कॉलेज निवडताना या चुका टाळा: नाव बघायचं की फी?

बारावीचा निकाल लागला की मला जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडून, यावलकडून फोन सुरू होतात. "भाऊ, पोऱ्याले बीबीएले टाकनं शे, पुनाले टाकू का जयगावलेच?" म्हणजे मुलाला बीबीएला (बारावीनंतरची मॅनेजमेंटची डिग्री) घालायचंय, पुण्याला की जळगावलाच? प्रश्न साधा वाटतो पण त्यात घरातली तीन-चार वर्षांची कमाई अडकलेली असते. मी स्वतः पुण्यात मोठ्या नावाच्या खाजगी संस्थेतून बीबीए केलं, लोन काढून. माझ्या बहिणीने जळगावला अनुदानित तुकडीत (सरकारी अनुदानामुळे फी कमी) बी.कॉम. केलं आणि नंतर सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, देऊन एमबीए. आज आमच्या दोघांच्या पगारात फार फरक नाही, फक्त माझ्या खात्यातून दर महिन्याला हप्ता जातो आणि तिच्या नाही जात. म्हणून हे सगळं लिहितोय. पुण्याला जाऊच नका असं माझं म्हणणं नाही, पण जायचं असेल तर पूर्ण हिशोब करून जा.

पहिली चूक, एका वर्षाची फी बघून हो म्हणणं

ब्रोशरवर वर्षाची फी असते आणि आपण तोच आकडा डोक्यात धरतो. माझी पहिल्या वर्षाची पावती अजून वडिलांच्या कापडी पिशवीत आहे, त्यात ट्यूशन फीच्या खाली डिपॉझिट, ॲक्टिव्हिटी फी, परीक्षा फी, इंडस्ट्रियल व्हिजिट, ब्लेझर अशा ओळी आहेत. आणि त्या पावतीत न आलेलं म्हणजे खोलीचं भाडं, मेस, महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट आणि दिवाळीला घरी येताना लागणारे पैसे. राहण्या-खाण्याचे महिन्याला १० हजार जरी धरले आणि वर्षाचे १० महिने धरले तरी तीन वर्षांचे ३ लाख होतात, ते कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतात. त्यात आता नवीन शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांची ऑनर्स डिग्री आली आहे, तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं पण प्रवेशाच्या वेळी हे कोणी नीट सांगत नाही, तर चौथ्या वर्षाचे पैसे कशासाठी भरायचे हे आधीच ठरवा.

शेतकरी घर असेल तर मी एक सांगतो, फी कापसात मोजा. लांब धाग्याच्या कापसाचा २०२४-२५ चा हमीभाव होता ७५२१ रुपये क्विंटल. वर्षाची फी ३ लाख असेल तर ते झाले जवळपास ४० क्विंटल. कोरडवाहूत एकरी ५ क्विंटल धरला तर ८ एकरांचा अख्खा कापूस, आणि त्यातून बियाणं, फवारणी, वेचणी काहीच काढलं नाही असं समजून. असं मोजलं की घरातले सगळेच जण एका भाषेत बोलायला लागतात, पोरगाही.

दुसरी चूक, एमबीएचं नाव बीबीएला चिकटवणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि मी पण हीच केली. मला कॉलेजच्या माहिती सत्रात जे पॅकेज दाखवलं ते एमबीएच्या बॅचचं होतं, मला वाटलं संस्था एकच आहे म्हणजे आपल्यालाही त्याच कंपन्या येणार. तिसऱ्या वर्षाला कळलं की बीबीएवाल्यांसाठी वेगळी यादी असते आणि ती बरीच छोटी असते, मला शेवटी १८ हजाराची नोकरी लागली ती पण मित्राच्या ओळखीने.

म्हणून नाव ऐकलं की लगेच विचारा, कोणता कोर्स, कोणता कॅम्पस. आपल्या शिरपूरलाच एनएमआयएमएसचा कॅम्पस आहे, तो ओळखला जातो इंजिनियरिंग आणि फार्मसीसाठी, आणि मुंबईचा कॅम्पस ओळखला जातो मॅनेजमेंटसाठी. नाव तेच पण दोघांची तुलना होऊ शकत नाही. सिम्बायोसिसचं पण तसंच, एमबीएची संस्था वेगळी आणि बीबीएची वेगळी. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, कॉलेज रँकिंगचा पण हाच घोळ होतो, त्यातली मॅनेजमेंटची यादी ही मुख्यतः एमबीए चालवणाऱ्या संस्थांची यादी आहे, त्यावरून बीबीएचा दर्जा कळत नाही.

प्लेसमेंटबद्दल विचारायचं तर हायेस्ट पॅकेज विचारूच नका, ते एकाच मुलाचं असतं. विचारा की मागच्या वर्षी बीबीएच्या बॅचला किती मुलं होती, त्यातली किती प्लेसमेंटला बसली, किती लागली, आणि लागलेल्यांचे पगार कमी ते जास्त असे ओळीने लावले तर मधल्या मुलाचा पगार किती. त्याला मीडियन म्हणतात आणि तुमचा मुलगा बहुतेक तिथेच कुठेतरी असणार आहे. हे आकडे द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना गेटबाहेर चहाच्या टपरीवर गाठून विचारा, मुलं खरं सांगतात.

तिसरी चूक, पुढे एमबीए करायचंय हे विसरून जाणं

आपल्याकडचे बीबीए करणारे बरेच जण पुढे एमबीए करतात. आणि एमबीएला तुमच्या बीबीए कॉलेजचं नाव फारसं कोणी बघत नाही. मुंबईच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटचं घ्या, १९६५ पासूनची मुंबई विद्यापीठाची संस्था, अजूनही मॅनेजमेंटसाठी राज्यातलं मोठं नाव, आणि फी मोठ्या खाजगी संस्थांच्या मानाने बरीच कमी. तिथे राज्याच्या कॅप राउंडने, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीने, जाणाऱ्याचा नंबर प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर लागतो, डिग्री अमळनेरची आहे की पुण्याची हे त्या मेरिट लिस्टमध्ये कुठेच नसतं. आयआयएमला कॅट ही त्यांची वेगळी प्रवेश परीक्षा लागते, सोबत दहावी, बारावी, ग्रॅज्युएशनचे मार्क आणि अनुभव बघतात. म्हणजे कमी खर्चाच्या कॉलेजात राहून चांगले मार्क काढले आणि उरलेले पैसे एमबीएसाठी ठेवले तर ते जास्त कामाला येतात. माझ्या बहिणीने हेच केलं. तेव्हा घरात तिला पुण्याला पाठवायला पैसेच नव्हते कारण ते माझ्यावर खर्च झाले होते, ही गोष्ट मला अजून लागते.

नाव मोठं म्हणजे फी मोठीच असंही नसतं बरं का. दिल्ली विद्यापीठाचं शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीज सरकारी आहे, बीएमएससाठी (बीबीएसारखाच मॅनेजमेंटचा कोर्स) देशात नावाजलेलं आहे, प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या परीक्षेवर. पुण्याचं बीएमसीसी हे कॉमर्स कॉलेज १९४३ चं, तिथल्या अनुदानित बी.कॉम.ची फी काही हजारात असते. आणि खरंच जास्त पैसे घालायचेच असतील तर आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा आयपीएम कोर्स बघा, २०११ पासून चालू आहे, बारावीनंतर थेट, शेवटी एमबीए हातात पडतं. महाग आहे, परीक्षा अवघड आहे, पण तिथे जे नाव मिळतं ते त्या कोर्सचंच असतं. मधल्या फीच्या खाजगी कॉलेजांचाच विचार शंभरदा करा.

चौथी चूक, सीईटी चुकवणं आणि दाखले उशिरा काढणं

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, अखत्यारीत आले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी लागू झाली. पहिल्याच वर्षी कितीतरी मुलांना कळलंच नाही, पुन्हा एक जादा सीईटी घ्यावी लागली, तरी जागा मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या. त्यामुळे डोनेशन देऊन मॅनेजमेंट कोट्यातून जायच्या आधी कॅप राउंडमध्ये काय उरलंय ते बघा. काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून सीईटीशिवाय प्रवेश दिले, तेव्हा डिग्रीवर नेमकं काय छापून येणार हे लेखी विचारा.

मुलगी असेल तर हा भाग दोनदा वाचा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा, अभिमत विद्यापीठ, खाजगी विद्यापीठ याला ती माफी नाही. म्हणजे तीच मुलगी एका गेटमधून गेली तर फी शून्य आणि दुसऱ्या गेटमधून गेली तर लाखात. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी मिळू शकते, नंदुरबार, साक्री, अक्कलकुव्याकडच्या आदिवासी मुलांसाठी स्वयम योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. तुमचा कोर्स आणि कॉलेज त्यात बसतं का हे काउंटरवरच्या माणसाला नको, स्कॉलरशिप बघणाऱ्या क्लार्कला विचारा. आणि उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रीमीलेअर हे मार्चमध्येच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूवर जी रांग लागते ती तुम्हाला माहीत आहे.

पाचवी चूक, आपल्या गावाला कमी लेखणं

अमळनेरला १९४५ साली तेलाच्या कारखान्यातून विप्रो उभी राहिली. जळगावला सोनं आहे, डाळ मिल आहेत, पाईप आणि चटई आहे, रावेर-यावलला केळीचा धंदा आहे. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला पुण्यात इंटर्नशिपच्या नावाखाली फोन करायला बसवतात, इथे डाळ मिलवाल्याकडे गेला तर खरेदी, उधारी, ट्रकचं भाडं, जीएसटी सगळं दोन महिन्यात समोर दिसतं. इंग्रजी बोलायची सवय पुण्यात लवकर लागते हे मात्र खरं आहे, इथे राहिलात तर ती मेहनत स्वतः करावी लागेल.

आधीच चूक झाली असेल तर

आते काय करानं भाऊ, असं विचारणारे पण बरेच असतात. प्रवेश घेऊन पस्तावत असाल तर आधी रद्द करायची शेवटची तारीख शोधा, कॅपमधला प्रवेश त्या तारखेआधी रद्द केला तर हजार रुपये कापून बाकी परत मिळतात. कॉलेज ओरिजिनल मार्कशीट, एलसी अडवून ठेवत असेल तर तसं करता येत नाही, यूजीसीने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

लोन काढून झालं असेल तर माझा हिशोब बघा. ६ लाखांचं लोन, दर वर्षी २ लाख उचल, व्याज ११ टक्के. कोर्सची तीन वर्षं आणि वरचं एक वर्ष हप्ता नव्हता म्हणून आम्ही निवांत होतो, पण व्याज चालूच होतं. हप्ता सुरू झाला तेव्हा ६ चे जवळपास ८ लाख झालेले, आणि सात वर्षांसाठी महिन्याला १३ हजार ६०० च्या वर, पगार १८ हजार असताना. वडील तेव्हा काही बोलले नाहीत, फक्त त्या वर्षी बैलजोडी विकली. पहिल्या वर्षी नुसतं व्याज भरलं असतं तर महिन्याला १८३३ रुपये लागले असते, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, आणि शिकताना व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका व्याजात १ टक्का सूट पण देतात. ज्यांचं लोन चालू आहे त्यांनी उद्याच शाखेत जाऊन हे विचारा, आणि नोकरी लागली की व्याजाच्या सर्टिफिकेटवर आयकरात वजावट मिळते का तेही बघा, जुन्या करपद्धतीत ती आठ वर्षांपर्यंत घेता येते.