कलर किती लागणार? डबा आणायच्या आधी टेप लावा

गणपती जवळ आले की आमच्या बेळगावात, तिकडं खानापूर-निपाणीत पण, घरोघरी कलरचं काम निघतं आणि दुकानात जाऊन सगळे एवढंच सांगतात, दहा बाय बाराची खोली हाय, किती लागंल? अवो पण कलर फरशीला नाही, भिंतीला लावायचाय की, भिंत मोजा.

चारी भिंतींची लांबी मिळवा, 10, 12, 10, 12 म्हणजे 44 फूट. उंची 10 असली तर 440 स्क्वेअर फूट. त्यातनं 3 बाय 7 चं दार 21 आणि 4 बाय 4 ची खिडकी 16 काढली की राहिले 403. छताचे 120 वेगळे धरा, तिथं बहुतेक पांढराच मारतात.

डब्यावर कव्हरेज, म्हणजे एका लिटरात किती स्क्वेअर फूट भिंत होते ते, लिहिलेलं असतं पण ते गुळगुळीत भिंतीचं, आणि एका कोटचं हाय का दोन कोटचं ते नीट वाचा, इथंच हिशोब डबल चुकतो. मी साध्या इमल्शनला, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या कलरला, दोन कोट धरून लिटरला 120 फूट धरतो. 403 भागिले 120 म्हणजे 3.36, चार लिटरचा डबा पुरतो आणि टचअपला पण थोडा राहतो. गडद कलरवर फिका मारायचा असंल तर तिसरा कोट धराच. नवीन गिलावा असंल तर आधी प्रायमर, म्हणजे कलरच्या खालचा अस्तराचा हात, नाहीतर भिंत सगळा कलर पिते.

कौलारू घरात आढ्याखालचा तिकोनी भाग लोक विसरतात. रुंदी गुणिले उंची, त्याचं निम्मं. 12 फूट रुंद आणि 5 फूट उंच असंल तर 30 फूट, अशा दोन बाजू म्हणजे 60, अर्धा लिटर तिथंच गेला.

आमच्या हॉलला मी एक लिटर कमी आणलेला. आठ दिवसांनी त्याच नंबरचा मशीनवर परत बनवून आणला तरी शेडमध्ये फरक पडला, दुपारच्या उजेडात पट्टा स्पष्ट दिसायचा, शेवटी ती अख्खी भिंत परत मारली. म्हणून एका खोलीचा कलर एकदमच घ्या, दोन डबे असले तर मोठ्या बादलीत एकत्र करून मगच लावा. पण लईच जास्त पण नको, मिक्स केलेला डबा दुकानदार परत घेत नाहीत.

बाहेरच्या भिंतीला लिटरला 50-55 च धरा, खडबडीत असते ती. आणि ते काम पाऊस संपून भिंत नीट वाळल्यावर, दिवाळीच्या आधी काढा, ओल्या भिंतीवरचा कलर पोपडे धरतो मग कितीबी लिटर आणा.