अपलोड सकाळी मोजू नका

नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर कबड्डीची फायनल, मी ती लॅपटॉपवरून यूट्यूबवर लाइव्ह दाखवतोय, स्कोअर बरोबरीत, आणि काटोलहून ती बघणाऱ्या काकांचा फोन. "काहून बे, रेडर लाइनीवर होता अन् एकदम बाहेर बसलेला दिसून राहिला. मधात काय झालं?"

मधातलं माझ्या लॅपटॉपनं गाळलं होतं. ओबीएसच्या (लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर) खालच्या पट्टीत ड्रॉप्ड फ्रेम्सचा, म्हणजे गळालेल्या चित्रांचा आकडा भराभर चढत होता. चूक माझीच. अपलोड, म्हणजे नेटवरून डेटा पाठवण्याचा वेग, मी सकाळी अकराला, रिकाम्या मैदानात मोजलं: १२ एमबीपीएस. त्या भरवशावर १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम, ६००० केबीपीएस बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा; १००० केबीपीएस म्हणजे १ एमबीपीएस) लावलं. संध्याकाळी मैदान भरलं, ज्याच्या त्याच्या हातातला मोबाईल त्याच टॉवरवर, आणि माझ्या वाट्याला जेमतेम ४ उरले.

म्हणून अपलोड सेमीफायनलच्या संध्याकाळी, गर्दी जमल्यावर, कॅमेरा उभा राहणार तिथूनच मोजा. डाउनलोडचा आकडा पाहून खूश होऊ नका, तो इथे कामाचा नाही. तीनदा मोजा, सगळ्यात कमी आकडा धरा आणि त्याच्या निम्माच बिटरेट लावा. ६ मिळाले तर ३०००, ४ मिळाले तर २०००. रेट कंट्रोल सीबीआर (बिटरेट कायम एकच), कीफ्रेम (पूर्ण चित्र) दर २ सेकंदांनी, आवाज १२८ केबीपीएस. हे एकदा लावलं की विसरा.

खरा घोळ पुढे होतो. बिटरेट कमी करतात, पण १०८०पी सोडवत नाही, कारण आयोजकानं बॅनरवर 'फुल एचडी' छापलेलं असतं. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल, ७२०पीमध्ये ९.२ लाख. तेवढाच डेटा सव्वादोनपट जागेवर पसरला की बचावाची साखळी रेडरवर तुटून पडते त्या क्षणी, म्हणजे सगळे एकदम हलतात तेव्हाच, चित्राचे चौकोन होतात. जर्सीचा नंबरही वाचता येत नाही. तेव्हा ७२०पी, ३० फ्रेम. बॅनरचं आयोजक पाहून घेतील.

बुद्धिबळाला उलटं आहे. २०२५ मध्ये आपल्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकल्यापासून मला त्याचीही कामं येतात. पट हलत नाही, त्यामुळे १५०० केबीपीएसमध्येही १०८०पी छान दिसतं. तिथे त्रास कूलरच्या आवाजाचा. मे महिन्यात तो बंद करा म्हणायची कोणाची हिंमत नाही, म्हणून समालोचकाला कॉलर माइक द्या.

जमलं तर टॉवरच्या नादी लागूच नका. मैदानाला लागून असलेल्या घरातून लॅन केबल घ्या. ती १०० मीटरपर्यंतच भरवशाची. मंडपाच्या बल्ल्यांवरून न्या आणि राउटरच्या प्लगवर चिकटपट्टी मारा. एकदा चहावाल्यानं तोच प्लग काढून किटली लावली होती. मोबाईल डेटाच वापरायचा असेल तर ३००० केबीपीएसला तासाला सुमारे १.४ जीबी जातो, त्या हिशोबानं रिचार्ज मारा.

चॅनल नवीन असेल तर यूट्यूबवर लाइव्ह सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. फायनलच्या दिवशी धावपळ नको.

आणि लाइव्हसोबत रेकॉर्डिंगचं बटण दाबाच. नेट अडलं तरी लॅपटॉपमधली फाइल सलग राहते. त्या रात्री घरी येऊन मी ती चढवली. काकांना रेड दिसली, सकाळी चहासोबत.