मांडणी उतरायच्या आधी

प्रदर्शनांची नोंद ठेवायचं काम मी करतो. त्यातल्या पहिल्या कामाचे ८०० फोटो अजून माझ्याकडे आहेत. एकेक फोटो देखणा, पण त्यांवरून ते प्रदर्शन पुन्हा उभं करता येत नाही.

पणजीत एका दालनात तीन आठवडे गोव्यातल्या घरगुती वस्तू मांडल्या होत्या. समया, विळ्या, तांब्याची भांडी, एक लाकडी पाळणा. मी प्रत्येक वस्तूमागे काळं कापड लावलं, प्रकाश नीट बसवला आणि खूश होऊन घरी गेलो. सहा महिन्यांनी मांडणी करणाऱ्या बाईंनी विचारलं, "पाळण्याच्या समोरच्या भिंतीचा फोटो आहे का रे?" त्या भिंतीशी त्यांनी आफ्रिकेत नोकरी करून परतलेल्या कुणाची तरी पत्र्याची पेटी ठेवली होती. पाळणा इकडे, पेटी तिकडे, मधे मुद्दाम रिकामी ठेवलेली जमीन. सगळं म्हणणं त्या रिकाम्या जागेत होतं आणि मी तिच्यात ट्रायपॉड रोवून पाळण्याचा फोटो काढला होता. पेटी तोवर तिच्या घरी परत गेली होती.

या कामात नव्यानं येणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. वस्तू बहुधा हरवत नाहीत, आपापल्या मालकाकडे किंवा संग्रहालयाकडे परत जातात. हरवते ती मांडणी: कशाशेजारी काय होतं, पाटी किती उंचीवर होती, आत शिरल्याबरोबर आधी काय दिसायचं. चवथीला गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं टांगून बांधतात त्या माटोळीचंही असंच. फोटोत कांगल्या, कवंडळं, घागऱ्या दिसतात; कोणती वेल कुठल्या रानातून आणली आणि तिथेच का बांधली, ते फक्त बांधणाऱ्याला माहीत. आमच्या घरी ते आईला माहीत होतं. मी कधी विचारलं नाही.

आता मी वस्तूंकडे सगळ्यात शेवटी वळतो. आधी मोजपट्टी घेऊन दालनाचा नकाशा काढतो, हातानं काढला तरी चालतो. मग दारातून आत शिरून बाहेर पडेपर्यंत, प्रेक्षक चालेल त्या गतीनं, एकच न तोडलेला व्हिडिओ. त्यानंतर प्रत्येक भिंत समोरून, प्रत्येक कोपरा तिरका आणि पाट्या वाचता येतील इतक्या जवळून. रंग नंतर जुळवून घेता यावेत म्हणून ठरावीक रंगांच्या २४ चौकोनांचं कार्ड पहिल्या फ्रेममध्ये धरायचं. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत खिडकीचं ऊन आणि आतले पिवळे दिवे एकत्र येतात, मग पांढरी भिंत प्रत्येक फोटोत वेगळी दिसते.

त्रिमितीचा मोह सगळ्यांनाच होतो. फोटोग्रॅमेट्रीत एकाच वस्तूचे चहूबाजूंनी, एकमेकांवर ६० ते ८० टक्के चढणारे फोटो घेतात आणि सॉफ्टवेअर त्यातून आकार बांधतं. मातीचं मडकं, लाकूड, जांभा यांवर ते छान चालतं. घासून लख्ख केलेल्या समईवर किंवा काचेच्या पेटीवर मात्र सपशेल आपटतं, कारण चमक प्रत्येक फोटोत जागा बदलते. माझे दोन दिवस एका समईवर गेले. निघालं ते वितळलेली मेणबत्ती वाटावी असं काहीतरी.

फाइल कुठल्या रूपात ठेवता, याला महत्त्व आहे. फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली कितीतरी आभासी दालनं ३१ डिसेंबर २०२० ला अडोबी कंपनीनं त्याचा आधार काढून घेतल्यावर उघडेनाशी झाली. म्हणून भपकेबाज सफर हवी तर करा, पण तिच्याखाली फोटोंच्या साध्या टिफ फाइली, नकाशा आणि साध्या मजकुरातली यादी असू द्या. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या गावी. गोव्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. माझ्या एका लेन्सला बुरशी लागली, तेव्हापासून लेन्स आणि हार्डडिस्क सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात असतात. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

परवानगी आधी आणि लेखी घ्या. चित्र विकत घेणारा चित्राचा मालक होतो, पण कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो. आपल्या कायद्यानं त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं.

शिक्षण कुठलं, असं मुलं विचारतात. बडोद्याच्या विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं 'जतन' हे सॉफ्टवेअर वस्तूंच्या नोंदी कशा करायच्या याचं वळण लावतं. न्यूयॉर्कच्या मॉमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं १९२९ पासूनच्या आपल्या प्रदर्शनांची नोंद २०१६ साली ऑनलाइन खुली केली. त्यातले दालनांचे जुने कृष्णधवल फोटो तासभर बघत बसा. वस्तूंपेक्षा त्यांच्यामधलं अंतर कसं टिपलंय ते बघा.

गोव्यात कामाचा हंगाम डिसेंबर. २०१६ पासून सेरेंडिपिटी हा कलामहोत्सव पणजीत भरतो, त्याच्या आगेमागे लहान प्रदर्शनंही बरीच असतात. पैसे बेताचे. आयोजक उद्घाटनाच्या दिवसाचे आनंदानं देतात, उतरवणीच्या दिवसाचे देताना कुरकुरतात. पण मांडणी उतरवतानाच माणसं बोलतात. खिळा इथे का ठोकला, हे चित्र आधी कुठे होतं, कोणाशी वाद झाला. मी रेकॉर्डर चालू ठेवून नुसता पेट्या उचलू लागतो. कोटेशनमध्ये आता तो दिवस वेगळ्या ओळीत लिहितो. खर्च कमी करा म्हणाले, की उद्घाटनाचा दिवस सोडतो.