साहेबांचा निरोप: शाल-श्रीफळाआधी एक पत्र

ज्यांच्या हाताखाली काम शिकलात ते साहेब निवृत्त होत असतील, तर सगळं निरोप समारंभाच्या भाषणावर सोडू नका. शाल-श्रीफळ, २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली पुणेरी पगडी आणि बाकरवडीचा बॉक्स हे हवंच. पण आठवडाभर आधी हाताने एक पत्र लिहायला घ्या.

‘आपलं मार्गदर्शन मोलाचं होतं’ हे कुणीही लिहील. तुम्ही नेमका प्रसंग लिहा. टेंडरचा मसुदा लाल पेनाने रंगवून झाल्यावर त्यांनी शेजारी बसवून घेतलं, प्रत्येक खुणेचं कारण सांगितलं आणि त्यात त्यांची शेवटची लोकल गेली, असं काही. माणसाला आयुष्यभर पुरतं ते हेच.

टीममधल्या प्रत्येकाकडून एकेक पान घ्या. नोकरी सोडून गेलेल्यांनाही आवर्जून विचारा. एकाच मापाचा जाड कागद अप्पा बळवंत चौकातून आणा आणि बाइंडिंगला दोन दिवस हाताशी ठेवा. पत्र माइकवर वाचू नका, दुपारी केबिनमध्ये जाऊन हातात द्या. डोळे भरून आले तर येऊ द्यात.

आणि घरचा नंबर त्याच वेळी मागून घ्या. ऑफिसचा मेल बंद होतो, गुरुपौर्णिमेला फोन करायला तोच लागेल.