कोयनेच्या गोड्या पाण्यात बोटीचं इंजिन कसं जपावं

बामणोली-तापोळ्याच्या काठाला बांधलेल्या बोटी गोड्या पाण्यातल्या, म्हणून गंजाची काळजी समुद्रवाल्यांनी करावी, असं बरेच जण धरून चालतात. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या पाण्यात गंज सावकाश चढतो, हे खरं. पण आउटबोर्ड इंजिनाचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाचा, पाण्यात जाणारा अ‍ॅल्युमिनियमचा पाय आणि स्टेनलेसचा पंखा एकाच पाण्यात बुडालेले आणि आतून एकमेकांना जोडलेले असले, की त्यांची बॅटरीच तयार होते. तिच्यात स्टेनलेसला काही होत नाही, झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. म्हणून पायावर अ‍ॅनोड नावाचा धातूचा तुकडा बसवतात. पायाऐवजी त्याने झिजायचं, एवढंच त्याचं काम.

पावसाळ्यात वासोटा किल्ल्याच्या फेऱ्या बंद असतात. बोट काठावर ओढलेली असते तेव्हाच हे काम उरकावं.

आधी पाय नीट पाहा. रंगाला फोड आलेत का? नखाने फोडला की खाली पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे दिसले, तर झीज सुरू झाली समजा. पंख्याच्या आसपास आणि बोल्टांच्या कडेला जास्त बघा.

मग अ‍ॅनोड तपासा. इथेच बहुतेकांची गफलत होते. किनाऱ्यावर सर्रास जस्ताचा अ‍ॅनोड वापरतात, आणि आपल्याकडेही तोच आणून लावला जातो. गोड्या पाण्यात जस्तावर एक थर बसतो आणि ते काम करणं सोडून देतं. अ‍ॅनोड वर्षभर नव्यासारखा राहिला म्हणून खूश होऊ नका. तो झिजत नाही, म्हणजे झिजतंय दुसरंच काहीतरी. कोयनेसाठी मॅग्नेशियमचा घ्या. तीच बोट पुढे कोकणात खाडीत न्यायची असेल, तर अ‍ॅल्युमिनियमचा बसवा. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम भराभर संपतं.

बसवताना जागा पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत करा. रंगावर अ‍ॅनोड आवळला तर तो नुसती शोभा. आवळून झाला की मल्टीमीटरची एक पिन अ‍ॅनोडवर आणि दुसरी पायाच्या उघड्या धातूवर टेकवा. आकडा एक ओहमच्या आत आला पाहिजे. अ‍ॅनोडला रंग लावायचा नाही. बोट रंगवणारा कारागीर हौसेने तोही रंगवून टाकतो, त्याला आधीच सांगून ठेवा. बोट बांधलेली असताना पंखा पाण्यात आणि अ‍ॅनोड वर, असंही होऊ देऊ नका. पाय पूर्ण खाली ठेवा, नाहीतर पूर्ण वर उचला.

अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर स्टेनलेसचं काही बसवायचं असेल, तर मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. स्टेनलेसच्या मोठ्या पट्टीला अ‍ॅल्युमिनियमचे रिबेट मात्र मारूच नका. लहान तुकड्यावर मोठ्याच्या झिजेचा सगळा भार येतो आणि रिबेट आधी जातात. तांबं असलेला रंगही अ‍ॅल्युमिनियमच्या तळाला नको.

विजेकडे लक्ष द्या. पाणी उपसायच्या पंपाची सोललेली वायर तळाच्या पाण्यात पडली असेल, तर धातू फार वेगाने खाल्ला जातो, तिथे अ‍ॅनोड पुरा पडत नाही. बोट सोडून जाताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा. काठावरून चार्जर लावत असाल तर अर्थिंगच्या वायरीतून शेजारच्या बोटींशीही तुमची जोडणी होते. त्यावर उपाय म्हणून अर्थिंगची वायर तोडू नका, जिवावर बेतेल. तिच्यात गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे अर्थिंग चालू ठेवून झीज करणारा बारीक प्रवाह अडवणारं उपकरण, बसवून घ्या, तेही जाणत्या वायरमनकडून.

अ‍ॅनोड निम्मा झिजला की बदला. मॅग्नेशियम लवकर जातं, तेव्हा हंगामात अधूनमधून पाय उचलून नजर टाकत जा.